सातपूरची सही

पुण्याहून सकाळच्या एसटीने निघाले, तेव्हा पिशवीत एका कराराचा मराठी अनुवाद होता. छळाला बंदी घालणारा हा करार संयुक्त राष्ट्रांनी दोन वर्षांपूर्वी मंजूर केला होता. अनुवाद माझाच. नाशिकच्या एका कामगाराला कोठडीत मारहाण झाली होती. त्याची जबानी घ्यायला आमच्या वकिलांनी मला धाडलं होतं.

सिन्नर मागे पडलं. घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. मी घाईने नाशिकरोडलाच उतरले आणि समोरच्या सिटी बसमध्ये चढले. ती नेमकी एकलहऱ्याची निघाली! वीज केंद्राच्या चिमण्यांखाली चहा घेताना टपरीवाल्याला रस्ता विचारला.

"सातपूर पार उलट्या अंगाला हाय, ताई. कोणाकडं?"

"एकाला पोलिसांनी मारलंय, त्याच्याकडे."

त्याने माझा अर्धा भरलेला कप उचलला. "बस तिथून मिळंल," एवढंच बोलला.

सातपूरला पोहोचले तेव्हा कारखान्यांची पाळी सुटली होती. सायकलींच्या लोंढ्यातून वाट काढत घर गाठलं. शांताबाईंनी दारातच "जयभीम" केला आणि आधी जेवायला वाढलं: बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत. रमेश, त्यांचा नवरा, डाव्या हाताने जेवत होता. तो लेथवर काम करायचा. कारखान्यातली तांब्याची तार हरवली म्हणून त्याला उचललं होतं. तीन दिवस हात मागे बांधून टांगलं, तळपायांवर पट्टे मारले. चौथ्या दिवशी तार गोदामातच सापडली.

जबानी लिहून झाल्यावर मी कराराचं कलम वाचून दाखवलं. वरिष्ठांचा हुकूम होता, ही सबब छळ करणाऱ्याला सांगता येत नाही.

"हुकूम कोणाचाच नव्हता," रमेश म्हणाला. "ते आपसात हसत होते. एकाचा डबा आला, तर माझ्यासमोर बसून जेवला. त्याचंच लय लागलंय मनाला."

शांताबाईंनी विचारलं, "आपल्या सरकारनं सही केलीय का यावर?"

"नाही."

"मग आमची सही कशाला मागता? तुम्ही पुण्याला जाल. ते पोलीस उद्या पुन्हा दारात आले तर?"

मी कागद आवरायला घेतले.

"थांबा," रमेश म्हणाला. "शांते, मी केलंच नव्हतं ना काही? मग देतो सही."

त्याने पेन धरलं. बोटं मिटेनात. पेन दोनदा खाली पडलं. मॅट्रिक झालेला माणूस; त्याच्या घरात सही करणारा तो पहिलाच. तिसऱ्यांदा पेन पडल्यावर तो हलकेच म्हणाला, "शाईचं पॅड हाय का?"

त्याने अंगठा उठवला आणि भिंतीकडे तोंड केलं. शांताबाईंनी ओल्या फडक्याने अंगठा पुसला, शाई गेली तरी पुसतच राहिल्या. उजवा हात निकामी असल्याने अंगठा घेतला, असं मी खाली स्पष्ट लिहिलं.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेर पाहवेना. मी सबंध करार मराठीत आणला होता, आणि त्या घरात तो एका माणसालाही उद्याची हमी देऊ शकला नव्हता.

ती जबानी जोडून आमच्या वकिलांनी पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाकडे अर्ज केला. महिनाभराने उत्तर आलं. तक्रारदार निरक्षर असून अर्जातील मजकूर त्यास समजल्याचे दिसत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

ते लपवायचा हक्क मला नव्हता. मी सातपूरला पाठवून दिलं. रमेशने ते स्वतःच वाचलं असणार.