कानेझो उराबेचं मत

स्टीव्हस्टनच्या धक्क्यावर कानेझो उराबे हट्टी म्हणून प्रसिद्ध होता. फ्रेझर नदीच्या मुखाशी सामन मासे धरता धरता त्याची उमेदीची वर्षं गेली होती. जपानातून आला तो इथलाच झाला. रीतसर नागरिक झाला, कर भरू लागला. पण ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जपानी माणसाला मतदानाचा हक्क नव्हता, आणि मत नाही म्हणून वकिली नाही, औषधांचं दुकान नाही. गोरे कोळी त्याला तोंडावर ‘जॅप’ म्हणायचे आणि वर हसायचे.

१९१६च्या सुरुवातीला युरोपातल्या महायुद्धाला माणसं कमी पडायला लागली, तेव्हा व्हँकुव्हरच्या जपानी मंडळींनी आपली तुकडी उभी करायची ठरवली. कानेझोने बातमी ऐकली आणि जाळं गुंडाळून ठेवलं.

त्याची बायको शिगे मासळीच्या कारखान्यात कामाला होती. ती कडाडली, “अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? त्या इंग्लंडच्या राजाने तुम्हाला कधी चहाला तरी बोलावलंय?”

“राजासाठी कोण जातंय? मी मतासाठी जातोय. बरोबरीने रक्त सांडलेल्या माणसाला नाही म्हणायची लाज वाटेल त्यांना.”

“लाज? त्यांना?” शिगे एवढंच म्हणाली. पण निघताना तिने लोणचं घातलेल्या मुळ्याची बरणी त्याच्या पिशवीत कोंबली.

उरलेला हिवाळा त्या माणसांनी स्वखर्चाने कवायत केली. मग सरकारचं उत्तर आलं, तुमची गरज नाही. पुष्कळजण मान खाली घालून होड्यांकडे परतले. कानेझोला ते जमेना. अल्बर्टातल्या पलटणींना माणसं मिळत नाहीत असं कानावर आलं, तशी त्याने आणखी काही जणांबरोबर डोंगरापलीकडे जाणारी गाडी पकडली.

तिथल्या भरतीच्या अंमलदाराने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. फार वेळ लागला नाही.

“उंची बेताचीच दिसते.”

“खंदकात बेताचीच बरी, साहेब.”

अंमलदार खो खो हसला आणि कानेझो सैनिक झाला.

फ्रान्समध्ये त्याच्या जोडीला लॅकलन मॅकफी होता. अल्बर्टात घोडे माणसाळवणारा, ताडमाड आणि तोंडाळ. चिखलात बसून डब्यातलं गोमांस चिवडताना एकदा कोण कशासाठी आलं याच्या गप्पा निघाल्या.

मॅकफी म्हणाला, “माझी आई आणि माझी बायको एकाच घरात राहतात. त्यापेक्षा जर्मन परवडले. तू रे, केनी?”

“मत पाहिजे.”

“कशाला? मला आहे की. मी एकदाही दिलं नाही.”

“मग मला देऊन टाक.”

मॅकफी इतका हसला की त्याच्या हातातला डबा चिखलात पडला.

तोवर कॅनडाच्या पलटणींचं नाव झालं होतं. त्या आघाडीवर दिसल्या, की आता हल्ला होणार हे शत्रू ओळखायचा. त्यांच्याबद्दल वाईटही बोललं जायचं, हे लोक कैदी घेत नाहीत, शरण आलेल्यालाही मारतात म्हणून.

“आपल्याला बघून त्यांची पाचावर धारण बसते,” मॅकफी मिशीवर ताव देत म्हणाला.

“आपली बसलेली त्यांना दिसत नाही, म्हणून,” कानेझो म्हणाला.

१९१७च्या ईस्टरच्या सोमवारी पहाटे जर्मनांच्या ताब्यातल्या विमीच्या टेकडीवर हल्ला झाला. हिमकणांचा मारा पाठीवर, पुढे आपल्याच तोफांच्या धुराची भिंत, आणि त्या भिंतीमागून चालत जायचं. अर्ध्या चढावर मॅकफीच्या मांडीत गोळी शिरली. तो पाण्याने भरलेल्या खड्ड्यात घसरला आणि रुतायला लागला. जखमींसाठी थांबायचं नाही असा हुकूम होता. कानेझोने तो ऐकलाच नव्हता असं वागायचं ठरवलं. पट्ट्याला धरून त्याने त्या धिप्पाड माणसाला काठावर ओढून काढलं.

“जा, मूर्खा!” मॅकफी ओरडला. “पुढे जा!”

समोरची मशीनगन माणसं कापत होती. कानेझो सरपटत बाजूने गेला आणि त्याने हातबाँब फेकले. मशीनगन गप्प झाली तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जागेवर नव्हती. दुखणं अजून सुरू व्हायचं होतं. तो तसाच संगीन रोखून खंदकात उतरला.

तिथे चार जर्मन हात वर करून उभे होते. सगळ्यात पुढच्या हवालदाराच्या मिशा पिकलेल्या होत्या. त्याने कानेझोच्या गणवेशावरचं कॅनडाच्या खुणेचं मेपलचं पान बघितलं, मग चेहरा बघितला, मग पुन्हा पान. 

“कॅनेडियन?” त्याने विचारलं.

कानेझोच्या अंगात संताप मावत नव्हता. वाटेत पडलेले ओळखीचे चेहरे त्याला दिसत होते. संगिनीचं टोक त्या म्हाताऱ्याच्या छातीपासून हातभर अंतरावर होतं. पण तो प्रश्न त्याच्या कानात घुमत राहिला. इतक्या वर्षांत घरच्या धक्क्यावर कुणी त्याला हा शब्द लावला नव्हता, आणि इथे शत्रू घाबरून तोच शब्द विचारत होता.

“हो,” तो म्हणाला. “कॅनेडियन.”

कुणी हसलं नाही. त्याने संगीन खाली केली आणि बाजूला पडलेल्या फळीकडे बोट दाखवलं. चौघांनी फळी उचलली. तिच्यावर मॅकफीला घालून ते टेकडी उतरले. मॅकफी वाटभर त्यांना शिव्या देत होता आणि मध्येच सिगारेटही मागत होता.

कानेझो घरी परतला. पदक मिळालं, मत नाही मिळालं. शिगेने टोमणा मारला नाही. तिने त्याच्या हाताला तेल चोळलं. मात्र तो हरल्यासारखा बसून राहिला, तेव्हा ती म्हणाली, “जर्मनांपुढे चाललात, आता या टोपीवाल्यांपुढे जायला पाय का जड झाले?”

मग उरलेले जपानी सैनिक वर्षानुवर्षं सरकारचे उंबरठे झिजवत राहिले. १९३१च्या वसंतात प्रांताच्या राजधानीत, व्हिक्टोरियाच्या विधानसभेत प्रश्न मताला आला, त्या दिवशी मॅकफी लंगडत अल्बर्टाहून आला आणि प्रेक्षकांत कानेझोशेजारी बसला. निकाल लागला, एका मताने ठराव पास! मॅकफीने अशी आरोळी ठोकली, की शिपायाने दोघांनाही बाहेर काढलं.

“एका मताने, केनी!” पायरीवर बसून तो डोळे पुसत होता. “आणि मी गाढव, आयुष्यात एकदाही दिलं नाही!”

हक्क फक्त लढून आलेल्यांना होता. शिगेला नाही, त्यांच्या वयात आलेल्या मुलीलाही नाही. तरी पुढच्या निवडणुकीला दोघी ठेवणीतले कपडे घालून त्याच्याबरोबर दारापर्यंत गेल्या. आतल्या कारकुनाने यादीत त्याचं नाव शोधलं आणि चिठ्ठी पुढे केली. कानेझोने उरलेल्या बोटांनी कागद दाबून धरला आणि फुली मारली.

त्याचा उमेदवार दणकून पडला. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जाळी दुरुस्त करता करता कानेझो एका गोऱ्या कोळ्याशी त्या निकालावरून तावातावाने भांडत होता. तो कोळीही अगदी हातघाईवर येऊन त्याच्याशी भांडत होता.