खो मिळण्याआधी

नव्वदच्या दशकात वाशीच्या एका शाळेत मी पीटीची बाई होते. माझी शिट्टी वाजली की अख्खं मैदान गप्प व्हायचं, आणि त्याचा मला माज होता.

सहावीतली एक मुलगी मात्र गप्प होत नसे. ‘सावधान’ म्हटलं की ती मार्केटकडे वळणारे कांद्याचे ट्रक बघायची, ‘विश्राम’ म्हटलं की शेजारणीची रिबन सोडायची. पण पळायची अशी, की मी तिला खो-खोच्या संघात घेतलं.

तिथंच घोडं अडलं. पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू येईपर्यंत चौकात बसून राहायचं असतं. ही त्याआधीच उठायची. दरवेळी फाउल. सामने आठवड्यावर आले होते.

“बसता येत नाही का गं तुला?”

“बाई, मी नाय उठले. पाय उठले.”

मुली खो खो हसल्या आणि माझं डोकं फिरलं. पोरगी माझी फिरकी घेतेय असंच वाटलं. पुढं कितीतरी वर्षांनी शिक्षकांच्या शिबिरात एका डॉक्टरीणबाईंनी एडीएचडी, म्हणजे अतिचंचलतेचा विकार, समजावून सांगितला, तेव्हा मला तिचं हेच वाक्य आठवलं. जे सांगायला त्यांना अख्खी दुपार लागली, ते तिने चार शब्दांत सांगितलं होतं.

तेव्हा मी तिला शिक्षा दिली. रोज पूर्ण तास चौकात एकटीनं बसायचं. “मी सांगितल्याशिवाय उठलीस तर संघातून बाहेर!” पहिल्या दिवशी ती मुठीत माती आवळून रडली. चौथ्या दिवशी हललीसुद्धा नाही. सुतासारखी सरळ केली, असं मी स्टाफरूममध्ये मिरवलं.

सामन्यात मैत्रिणीनं तिच्या पाठीवर थाप मारली, “खो!” ती उठली नाही. मान वळवून रेषेबाहेर उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत तिनं विचारलं, “बाई, उठू?”

आम्ही हरलो. नंतर ती खेळायला आलीच नाही. तासाला मैदानाच्या कडेला मांडी घालून बसायची, आणि मी तिला बसू द्यायचे.

निकालाच्या दिवशी तिची आई आली. “बाई, तुमच्यामुलं शांत झाली ओ माझी पोर,” म्हणत माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.