पुठ्ठ्याचं लेथ मशीन

आमच्या चाळीसमोर सलग सात दुकानं होती, त्यातली पाच बंद. शेजारच्या इंजिनिअरिंग कारखान्याला टाळं लागलं, गिऱ्हाईक आटलं आणि एकेक शटर खाली आलं. आधी चहाचं हॉटेल, मग सलून, मग सायकलवाला. गिरण्यांचा संप तिकडे परळ-लालबागला, पण त्यानंतर आमच्या बोरिवलीतही कुणाच्या नोकरीची खात्री उरली नव्हती.

मी नुकतीच आर्ट स्कूलमधून बाहेर पडले होते. नोकरी नाही आणि घरात पाय ठरत नाही. कसा ठरणार? घरात बाबा होते. बावीस वर्षं लोखंड कातायच्या लेथवर काम केलेला माणूस. टाळेबंदी झाली तरी सकाळी सहाला उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खिडकीत खुर्ची टाकून कारखान्याच्या गेटकडे बघत बसायचे. दीड वर्षं हेच. त्यांच्या एका जुन्या सोबत्याने चारकोपला छोटा गाळा घेऊन लेथ टाकलं होतं. तो दोनदा कामाला बोलवायला आला. बाबांचं उत्तर ठरलेलं, "गेट उघडलं आणि मी नसलो तर माझ्या मशीनवर दुसरा बसेल."

आई मला मोरीपाशी ओढून म्हणायची, "तेका बाहेर काढ गो. बसान बसान येडो होतलो तो." मला त्या खुर्चीचा इतका राग यायचा की एकदा मी ती उचलून सरळ माळ्यावर टाकली. बाबांनी ट्रंक ओढली आणि तिच्यावर बसले, खिडकीतच.

घरातून पळायला मला जागा हवी होती, खरं सांगायचं तर एवढंच. दुकानांचा मालक म्हातारा होता. त्याला म्हटलं, काका, बंद दुकानात उंदीर होतात, आम्हाला द्या, आम्ही चित्रं लावतो. तो म्हणाला, "लाव, पण भिंतीला खिळा नको." आम्ही तिघं होतो. मी, वर्गातली एक मैत्रीण आणि घाटकोपरचा एक मित्र, जो सिनेमाची बॅनरं रंगवून पोट भरायचा. त्याचे वडील गोदीत, घर आंबेडकरी चळवळीतलं, त्यामुळे पोस्टर, मोर्चा, रस्त्यावरचं नाटक हे सगळं त्याला लहानपणापासून ठाऊक. आम्हा दोघींना काय ठाऊक होतं? काही नाही. अक्कल मात्र भरपूर.

पहिल्या दुकानात आम्ही छतापासून निळे-करडे पट्टे सोडले, मधे आरसे टांगले. कामगारांची घुसमट वगैरे. लोक आत डोकावायचे आणि विचारायचे, गणपती कधी बसवताय? मैत्रीण रडकुंडीला आली. मी तर एका बाईवर खेकसलेच. मित्र हसत सुटला. "वाट लागली यार तुमच्या कलेची," म्हणाला. "त्यांना विचारा ना, काय बघायचंय."

विचारलं. ड्रिलवर काम करणारा एक कामगार, बाबांच्याच खात्यातला, म्हणाला, "खंडेनवमी जवळ आली. यंदाही मशीनची पूजा नाय."

मला ते लख्ख आठवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात घरच्यांना आत सोडायचे. नवे कपडे घालून आम्ही जायचो. धुऊनपुसून ठेवलेल्या मशीनला झेंडूची माळ, हळदकुंकू, वर नारळ. बाबा त्यांच्या लेथपाशी असे उभे राहायचे की घरी कधी उभे राहिले नसतील. पेढा मिळायचा. मग वर्षभर ते मशीन परत दिसायचं नाही.

मी ठरवलं, बाबांचं लेथ करायचं. ते उतरून आले तर त्यासाठीच येतील.

पंधरा दिवस आम्ही हात काळे केले. खोक्यांचे पुठ्ठे, प्लायवूड, वनस्पती तुपाचे डबे, वर रुपेरी आणि हिरवा रंग. आणि गंमत म्हणजे आता दुकान भरायला लागलं. माणसं येऊन आमच्या चुका काढायची. हे चाक इकडे नसतं, ते हँडल खाली घे. कुणी आपलं ड्रिल स्वतःच करायला बसला, कुणी प्रेस. तीन दुकानांत मिळून छोटा कारखानाच उभा राहिला. मी झोपत नव्हते, धड जेवत नव्हते, मैत्रिणीशी रोज भांडत होते. बाबांना विचारलं, तुमच्या लेथचा रंग हिरवा ना? ते गेटाकडे बघत म्हणाले, "बघ तुला काय आठवतं ते."

मला वाटलं, नुसतं उभं मशीन बघून काय होणार? ते फिरलं पाहिजे. मित्राने जुन्या टेबल फॅनची मोटर आत बसवली. बटण दाबलं की पुढचा गोल भाग गरगर फिरायचा. झकास फिरायचा. मी आनंदाने टाळ्या पिटल्या.

खंडेनवमीच्या सकाळी बायका ताटं घेऊन आल्या, माणसं जुने खाकी कपडे घालून आली. ड्रिलवाला वर गेला आणि म्हणाला, "चल, पोरीने तुझं मशीन बसवलंय." बाबा आले. खरंच आले. रस्ता ओलांडताना त्यांनी दोनदा थांबून गेटाकडे पाहिलं. ते उंबऱ्यात पोचले तसं मी बटण दाबलं.

ताटं धरलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बाबांचा चेहरा उतरला.

"बंद कर," ते म्हणाले.

"अहो बाबा, तुमचंच..."

"आजच्या दिवशी मशीन चालवतात काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर मी ते मशीन त्या एकाच दिवशी पाहिलं होतं, बंद. ते का बंद असतं हे मात्र कधी विचारलं नव्हतं. बाबांनी स्वतः वायर काढली. ड्रिलवाला माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "वर्षभर मालकाच्या भोंग्यावर चालायचं आणि थांबायचं. हा एकच दिवस आम्ही आपल्या हातानं बंद करायचो."

बाबांनी खिशातून सुती कापड काढलं आणि पुठ्ठ्याचं लेथ पुसलं. वरून खाली, कोपरान्‌कोपरा. रुपेरी रंग कापडाला लागत होता तरी पुसत राहिले. मग हळद लावली, कुंकू लावलं, माळ घातली, हात जोडले. मी रडत होते. मला वाटलं, जमलं. आता सगळं नीट होईल.

दसऱ्याला सकाळी पोचले तर बाबा माझ्या आधी हजर. माळ काढून बाजूला ठेवलेली, आणि ते लेथचा एकेक भाग सोडवत होते.

"काय करताय?" मी ओरडलेच. "आठवडाभर ठेवायचंय. बघायला माणसं येणार आहेत!"

"पूजा झाली. आता विसर्जन."

"तुमचं मशीन तिकडे आत आहे. हे माझं आहे, हात लावू नका."

तेव्हा ते थांबले. "आत नाय ते," म्हणाले. "ट्रकवर चढवलेलं बघितलं मी खिडकीतून. होळीच्या आधी. दोर बांधून नेलं. साफसुद्धा केलं नव्हतं कुणी."

होळीपासून दसऱ्यापर्यंत. एवढे महिने हा माणूस रिकाम्या गेटाकडे बघत बसला होता, आणि आईला नाही, मला नाही, कुणाला बोलला नव्हता. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. खाली बसले आणि दुसऱ्या बाजूचे स्क्रू काढायला लागले.

सोमवारी ते डबा घेऊन चारकोपच्या गाळ्यात कामाला गेले. लेथ तिथलं छोटं होतं आणि दुसऱ्याचं होतं. आई देवापुढे साखर ठेवून आली आणि मला म्हणाली, "तुझ्या कामाक यश इला गो." मी ट्रंकेवर बसले आणि बाबा बसस्टॉपच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले. त्यांनी गेटाकडे मान वळवली नाही.