दोन भावांच्या धुऱ्यावरून एक फेरी

नाही, तुम्ही थांबा जरा. माझ्या मागच्या पोस्टखाली तुम्ही लिहून टाकलं की गोंदियात बसून ट्रॅकच्या गोष्टी करू नये. ट्रॅक म्हणजे डांबर, ट्रॅक म्हणजे लाल-पांढऱ्या कडा, ट्रॅक म्हणजे साऊथ. कोणी सांगितलं? धानाच्या बांधीत तिसऱ्या गिअरमध्ये वळले का तुम्ही कधी? मागचं चाक एकीकडे जाऊन राहिलं, तुम्ही दुसरीकडे, अन् दोघंही बरोबर, असं झालं का कधी? नाही ना? मग आधी पूर्ण वाचा.

झालं असं की जानेवारीत लोकेशचा फोन आला. लोकेश माझा कॉलेजातला दोस्त, सालेकशाच्या पुढे, दरेकशाच्या अलीकडे त्याचं गाव.

"येऊन रायला का नाही?"

"कायले?"

"गाडीचा पट ठेवला गावात."

बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. आमच्याकडे धान निघाला, बांध्या मोकळ्या झाल्या की गावोगावी पट भरतात. लग्न ठरतात, पाव्हणे येतात, वांग्याच्या भाजीचे मोठाले गंज चुलीवरून उतरतात. बैल सरळ पळतात. मोटरसायकल गोल पळवायची म्हणजे वेगळी जागा पाहिजे, आणि गावाची परवानगी पाहिजे. परवानगी गुरुजींच्या हातात. गुरुजी म्हणजे रिटायर मास्तर, पटाचे अध्यक्ष, आणि माईकही त्यांच्याच हातात. त्यांनी लोकेशला एकच अट घातली होती: "एक जरी पोरगा पडला, त गाडीचा पट बंद. या वर्षी बी, अन् पुढं बी."

लोकेशसाठी ही मस्करी नव्हती. दोन वर्षांआधी तो खऱ्या ट्रॅकवर गेला होता, तिकडे खाली, दोन दिवस ट्रेनमध्ये बसून. आत जायला लायसन, लेदरचा सूट, स्वतःची तयार गाडी, काय काय लागते. यानं दिवसभर जाळीच्या बाहेरून पाहिलं आणि परत आला. तेव्हापासून एकच डोक्यात: ट्रॅक आपल्याकडे येईल, नाही तर आपण गाडी विकू. हा पट म्हणजे त्याचा एकुलता एक चान्स होता.

मी हो म्हणालो. आता रस्ता.

गोंदियाला लागूनच्या कुडव्यातून, माझ्या घरून, सकाळी निघालो. धुकं एवढं की माझ्याच गाडीचा हेडलाइट मला परत येऊन भेटत होता. आमगावपर्यंत रस्ता मस्त आहे, आणि तिथं तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, वेगळी मागा, नाही तर पोहेवाला पोह्यांना आंघोळच घालते. पेट्रोल सालेकशातच भरून घ्या. त्याच्या पुढे साल-सागाचं जंगल जवळ येते, डोंगर सुरू होतात, आणि मोबाइलचं नेटवर्क मनाला येईल तेव्हा येते. खर्च विचाराल तर पेट्रोल आणि पोहे, बस. राहणं-जेवण गावात कोणी पैशानं देत नाही, आणि तुम्ही काढून दाखवले तर अपमान होते.

गाव लागायच्या आधीच माईक ऐकू आला. गुरुजी कोणाच्या तरी बैलांना "शाबास रे माझ्या राजा" म्हणून राहिले होते.

लोकेश मला ट्रॅक दाखवायला घेऊन गेला. मी पाहिलं आणि गाडी बंद करायचंच विसरलो. सात-आठ बांध्या जोडून लंबगोल काढला होता. बांधी म्हणजे धानाचा एक तुकडा, आणि धुरा म्हणजे दोन तुकड्यांमधला मातीचा बांध, ज्यानं पाणी अडते. आतले सगळे धुरे कापून सपाट केले होते, धसकटं दाबली होती, वळणावर पाणी मारून माती बसवली होती. महिनाभर खपून एकट्या पोट्ट्यानं केलं होतं सगळं.

फक्त मधोमध, पूर्ण ट्रॅक आडवा कापत, एक धुरा तसाच उभा होता.

"हा काऊन ठेवला बे?"

लोकेशनं इकडेतिकडे पाहिलं. "तो बाबूजी अन् काकाजीच्या मधातला आहे."

आता हे समजून घ्या, नाही तर पुढचं सगळं वाया जाईल. ट्रॅकची अर्धी जमीन लोकेशच्या वडिलांची, अर्धी त्याच्या काकाची. दोघं सख्खे भाऊ, आणि याच धुऱ्यावरून त्यांचं बोलणं बंद. किती वर्षांपासून, ते लोकेशलाही सांगता येत नाही, त्याला कळायला लागलं तेव्हापासून असंच. लोकेशनं दोघांना वेगवेगळं विचारलं होतं. दोघंही म्हणाले, घे बांध्या. दोघंही म्हणाले, धुऱ्याले हात लावू नको. आमच्याकडे माणूस घराचं दार काढून देईल, सामाईक धुऱ्याची माती देणार नाही.

लंबगोल असल्यामुळे हा धुरा दोनदा आडवा येतो. बाबूजीकडून काकाजीकडे जाताना तो गुराढोरांनी तुडवून बसका झाला होता, गाडी आरामात जात होती. परत येताना तो गुडघ्यापेक्षा उंच होता.

"तिथं हळू घेशील," लोकेश म्हणाला, आणि मी सरावाची एक फेरी मारायला निघालो.

मी ऐकलं. खरंच ऐकलं. पण पकड यावी म्हणून टायरमधली हवा कमी केली होती, वळणावर माती अशी पकडून राहिली होती की ॲक्सिलरेटर आपोआप पिळला गेला. धुरा समोर आला तेव्हा ब्रेक मारायला उशीर झाला होता आणि उडवायला स्पीड कमी होता. पुढचं चाक पलीकडे गेलं. मागचं आलंच नाही. गाडीचं पोट धुऱ्यात घुसलं, वरची माती फुटली, आणि मी चौकातल्या पुतळ्यासारखा धुऱ्यावर बसून राहिलो. पुढचं चाक बाबूजीच्या बांधीत, मागचं काकाजीच्या बांधीत, हवेत गरगर.

माईक बंद झाला. बैलांचा पट सोडून सगळी पब्लिक धसकटांतून पळत आली. सगळ्यात आधी दोन म्हातारे पोचले, दोन बाजूंनी. मला वाटलं मला पाहायला आले. दोघंही वाकून धुरा पाहून राहिले होते.

"फोडला ना बे!" काकाजी म्हणाले.

मी उतरायला पाय उचलला, तेवढ्यात मागून गुरुजींचा आवाज आला, "हलू नको!"

गुरुजी गर्दीतून पुढे आले.

"एक पडला त बंद, असं म्हनलं होतं मी," गुरुजी म्हणाले. "हा पडला का?"

लोकेशचं तोंड पांढरं झालं होतं. मी म्हणालो, "नाही जी. बसलोच आहो."

"मंग बसूनच राय. उतरला का पडला धरीन."

मास्तर लोकांचा न्याय. तर मी बसून राहिलो. आता गाडी काढायची कशी, यावर सुरू झालं. बाबूजी दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या भावाकडे न पाहता म्हणाले, "लोकेश, तुया काकाले सांग, गाडी इकडं ओढा म्हनावं."

"लोकेश, तुया बापाले सांग, इकडं ओढली त धुऱ्याची माती पूरी त्याच्या बांधीत जाईन."

"लोकेश, तुया काकाले सांग, माती मले नाही पायजे त्याची."

"त्याची? लोकेश, विचार याले, धुरा कोनाचा आहे!"

लोकेश मान इकडे-तिकडे करत होता. मी मधात, हेल्मेटमध्ये, घाम. एका पाव्हण्यानं माझ्या हातात आलूबोंडा दिला. मी खाल्ला. काय करणार होतो?

शेवटी ठरलं की इकडेही नाही, तिकडेही नाही, सरळ वर उचलायची. माझ्यासकट. गाडीखालून दोन बांबू घातले, दोन्हीकडून माणसं लागली. समोरच्या टोकाला बाबूजी, मागच्या टोकाला काकाजी.

"उचल!" बाबूजी ओरडले.

"तू उचल आधी! हमेशा मीच उचलू का?"

"तुया कमरेत जोर नाही, मनून सांग ना!"

मधात लोकेशचं नाव नव्हतं. मला आधी लक्षातच आलं नाही. धुऱ्यावर लोकेशची माय आणि काकी शेजारी शेजारी उभ्या होत्या. भाऊ बोलत नव्हते तेवढी वर्षं या दोघी रोज याच धुऱ्यावरून भाजीची वाटी इकडची तिकडे करत होत्या. काकीनं मायला कोपर मारलं. "बोलले वो बाई!"

गाडी निघाली. मी पडलो नाही. पण धुऱ्यात हे एवढं भगदाड, आणि गुरुजींनी हात वर केला. "असा धुरा असला त दुसरा कोनी पडनच. धुरा कापा, नाही त बंद करा."

"कापू नाही देनार," दोघं भाऊ एकाच वेळी. बहुतेक तेवढ्या वर्षांतलं पहिलं एकमत.

लोकेश खाली बसला, धसकटावर. नुसता हातमोजे काढून राहिला होता, एकेक बोट.

काकीनं पदर खोचला. "कापाले कोन सांगून रायला? भगदाड बुजवा अन् आपापल्या बाजूनं माती टाका. तुमची माती तुमच्या बांधीत. धुरा राहीन ना मधात, जसाच्या तसा. पोरगं बसलं पाहा कसं."

भगदाड दोघांनी मिळून बुजवलं, मोजून, एक घमेलं याचं, एक त्याचं. मग दोघं आपापल्या बाजूला उतार बनवायला लागले, दोन्ही ठिकाणी. अर्धं गाव इकडे, अर्धं तिकडे. काकाजींनी उतार लांब काढला. बाबूजींचा उभा राहिला, कारण घाई. म्हणजे काकाजीकडून चढताना गाडी मस्त हवेत जायची, आणि बाबूजीकडे दगडासारखी आपटायची.

दुपारी पट सुरू झाला. एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. माझा नंबर मधात होता. झंडी पडली आणि मी गेलो. पहिलं वळण, डावा पाय बाहेर, बुटाची टाच मातीत, मागचं चाक सरकून राहिलं आणि मी सरकू देऊन राहिलो, कारण धरलं की गेलं, मग सरळ, दुसरा गिअर, तिसरा, धसकटं चाकाखाली तडतड तडतड, बसका धुरा कळलाही नाही, काकाजीच्या बांधीतलं लंबं वळण, जिथं धूळ आणि ऊन एक होते आणि पुढचं काही दिसत नाही, नुसतं माहीत असते, आणि मग उतार, लंबा, काकाजीचा, आणि जमीन गेली, आवाज गेला, धुऱ्यावर उभी असलेली माणसं खालून वर पाहताना दिसली, मग धाडकन बाबूजीची बांधी, दात दातांवर, कमरेतून करंट, आणि झंडी.

एवढंच. एक फेरी. लायब्ररीत बसून स्पीडवर तीन कविता लिहिल्या होत्या मी. त्या त्याच रात्री डिलीट केल्या.

गाडी लावली आणि वळून पाहिलं तर बाबूजी घमेलं घेऊन पळून राहिले होते. माझ्यामागे पुढची गाडी सुटायच्या आत त्यांनी उतारावर दोन घमेली माती टाकली, पायानं दाबली. पुढच्या गाडीनंतर अजून दोन.

"पोरासाठी का जी?" मी विचारलं.

"हट! त्याचा उतार लंबा दिसून रायला. लोक काय म्हनतीन?"

पलीकडे काकाजीनं हे पाहिलं, आणि त्यांनीही घमेलं उचललं. मग काय! प्रत्येक गाडीनंतर दोन म्हातारे, दोन घमेली. गुरुजी माईकवर बैलांच्या जोडीसारखी त्यांची कॉमेंट्री करायला लागले. "धाकल्याचं भरलं, मोठ्याचं भरलं, पाहा मंडळी, कोनाचा उतार!"

लोकेश सगळ्यात शेवटी सुटला. तोपर्यंत कोणी पडलं नव्हतं. सगळं त्याच्यावर येऊन थांबलं होतं. तो चुकला असता तर त्याच्या हातानंच त्याचा ट्रॅक बंद झाला असता, आणि त्याला हे माहीत होतं. तरी त्यानं हळू नाही घेतलं. काकाजीच्या उतारावरून तो आमच्या सगळ्यांपेक्षा वर गेला, हवेत गाडी जराशी तिरपी झाली, मायच्या तोंडून आवाज निघाला, आणि तो उतरला. सपाटावर नाही, बाबूजीच्या उतारावर. दुपारभर घमेल्या-घमेल्यानं तो लांब झाला होता. चाक डगमगलं, धरलं, गेलं.

पहिला नंबर डोंगरगडकडच्या एका पोरानं नेला. लोकेश तिसरा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "असन." तो गुरुजींकडे पाहून राहिला होता. गुरुजींनी माईक तोंडाजवळ नेला, खाकरले, आणि म्हणाले, "पुढल्या वर्षी उतार आधीच पायजेत. दोघायचे."

संध्याकाळी बाबूजींच्या अंगणात पंगत बसली. वांग्याची भाजी, भात, आणि तिखट असं की कान बंद. काकाजी आले नाहीत. पण काकीच्या हातून त्यांनी विचारून पाठवलं की कमर कशी आहे. माझी नाही, बाबूजींची.

दुसऱ्या दिवशी परत आलो. दोन दिवस बसता येत नव्हतं, तुम्ही गेलात तर कमरेला पट्टा बांधा आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घाला. बाकी काय राहिलं म्हणाल तर हवेतला तो एक क्षण आहे, पण त्याहून जास्त मला तो बांबू उचलायचा आवाज आठवते. वीसेक माणसं एका दमात, आणि त्यात दोन जण एकमेकांवर ओरडून राहिलेले.

आताच लोकेशचा फोन येऊन गेला. उन्हाळी धान लावायचा आहे, उतार काढावे लागतात. पण दिवसभर आमच्या चाकांनी इकडची माती तिकडे नेली आणि तिकडची इकडे आणली. बाबूजी म्हणतात माझी दहा घमेली त्याच्याकडे गेली. काकाजी म्हणतात माझी बारा त्याच्याकडे गेली. सकाळपासून दोघं धुऱ्यावर बसून भांडून राहिले, जेवायलाही उठले नाहीत, दोन्ही घरचे डबे तिथंच गेले. मागून मला काकाजींचा आवाज ऐकू येत होता, "त्या कुडव्यावाल्याले बोलाव. तो मधात बसला होता, त्याले मालूम आहे धुरा कसा होता. अन् गाडी धुऊ नको म्हना, मडगार्डात बी माती असन आमची."

गाडी धुतली नाही. हेल्मेट घातलं. चाललो.