तीन पूर्णांक एक

हातांना लावायच्या जंतुनाशकाचा वास आला की रेगेन्सबर्गमधलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. मुलीला इथल्या बारावीला ३.१ मिळाले होते. जर्मनीत एक म्हणजे सर्वोत्तम. तीनवाल्यांना मेडिकल दारातही उभं करत नाही. अर्जाला वजन यावं म्हणून ती वर्षभर वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवत होती. त्या दिवशी ती हातांना तोच वास घेऊन कामावरून आली आणि स्वयंपाकघरात मेडिकलचा दुसरा नकार वाचत असतानाच पुण्याहून माझ्या वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, तुझ्या मैत्रिणीला एक मिळून प्रवेश मिळाला, तुला तर तीन! डॉक्टरीणबाई, माझा गुडघा कधी बघताय?" मी खुलासा करणार, तोच तिने माझा हात दाबला. "लवकरच, आजोबा," एरवी जर्मनमध्येच उत्तर देणारी ती मराठीत म्हणाली. तिसरा नकार आला तेव्हा वडील हयात नव्हते. आता त्यांना खरं सांगावं लागणार नाही, म्हणून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.