ठोकेबाईंची अकरा मिनिटं

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात माझ्या आत्याला सगळे तोंडावर 'सिस्टर' म्हणत आणि पाठीमागे 'ठोकेबाई'. तिला दोन्ही ठाऊक होतं. कारखान्याच्या दवाखान्यात एक खाट, एक कपाट, एक वजनकाटा आणि ती. एवढ्या भांडवलावर तिनं सव्वीस वर्षं राज्य केलं. कोणी कापलेलं बोट घेऊन गेला तरी ती आधी त्याच्या मनगटावर दोन बोटं टेकवून घड्याळाकडे बघायची.

"अहो सिस्टर, बोट कापलंय!"

"दिसतंय मला. गप्प बसा, मोजू द्या."

तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे बाबा, तिथेच कटिंग मशीनवर होते आणि मी पॅकिंगला. त्यामुळे घरीदारी तिचाच कायदा.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, ती आम्हाला प्रथमोपचार शिकवायची. त्यासाठी डिंकाच्या पिंपावरचा रबरी हातपंप हक्कानं उचलून आणायची. पंपाचा फुगा दाबला की डिंक पुढे जातो, सोडला की पिंपातून नवा आत येतो, आणि मध्ये झडपा असल्यामुळे मागे फिरत नाही.

"हृदय दुसरं काय करतं? उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे धाडते. तिथं ते प्राणवायू भरून घेतं आणि डाव्या बाजूला येतं. डावी बाजू ते अंगभर पाठवते. अख्खी फेरी साधारण मिनिटाभरात. जन्मभर एक सुट्टी नाही. तुम्हाला मात्र चहाला दोनदा लागते!"

मागच्या रांगेत बाबा खुशाल घोरत असायचे. सख्ख्या भावानंच अब्रू काढावी, याचा तिला भारी संताप.

एका मंगळवारी सकाळी बाबा मशीनसमोर उभ्याउभ्या कोसळले. मी धावलो, त्यांचं मनगट धरलं. ठोके लागले, चांगले धडाधड. "नाडी चालू आहे! पाणी आणा!" मी ओरडलो. सगळ्यांना हायसं वाटलं. कोणी पुठ्ठ्यानं वारा घालू लागलं.

आत्या गर्दीतून वाट काढत आली. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि तो झटकून टाकला.

"अंगठा लावलास? अंगठ्याला स्वतःची नाडी असते, गाढवा! तू तुझेच ठोके मोजतोयस."

तिनं बाबांच्या मानेवर दोन बोटं ठेवली, तोंडाजवळ गाल नेला. नाडी नव्हती, श्वासही नव्हता. इतके सोमवार ऐकूनही मी नेमकं तेच करून बसलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकाला अँब्युलन्ससाठी पिटाळून ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी बाबांची छाती दाबू लागली. हृदय थांबलं की रक्त जिथल्या तिथं उभं राहतं आणि मेंदू चार-पाच मिनिटांपलीकडे तग धरत नाही, हे तिनंच शिकवलं होतं. त्यातलं किती मी त्या अंगठ्यापायी घालवलं होतं, देव जाणे.

"दोन मिनिटांनी तू," ती मोजता मोजता म्हणाली.

"मला नाही जमणार, आत्या."

"जमवायचं. माझा भाऊ आहे, तसा तुझा बाप आहे."

मी दाबू लागलो. "खोल! आणखी! आणि छाती पूर्ण वर येऊ दे. सोडलंच नाहीस तर आत रक्त भरणार कसं?" माझ्या हाताखाली काहीतरी कट्कन वाजलं. मी थबकलो. "थांबू नकोस! बरगडी सांधता येते."

आळीपाळीनं आम्ही अकरा मिनिटं दाबत राहिलो. तेवढा वेळ बाबांचं रक्त आमच्या चार हातांवर फिरत होतं. मग अँब्युलन्स आली, आणि तिच्यातल्या विजेच्या यंत्राच्या दुसऱ्या झटक्याला हृदयानं आपला ठेका धरला.

बाबा दोन दिवस बेशुद्ध होते. डॉक्टर म्हणाले, "हृदय सावरलंय. मेंदूला रक्त पुरलं की नाही, ते शुद्धीवर आल्यावरच कळेल. माणसं ओळखतात का, बघू."

"ओळखणार," आत्या म्हणाली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिनं हेच ठणकावून सांगितलं. स्वतः वेळेवर जेवली, मलाही बसवलं.

"भूक नाही गं."

"तुझ्या भुकेला कोणी विचारलंय? जेव."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. नजर छताकडे गेली, खिडकीकडे गेली. मग ती आत्यावर येऊन थांबली. बराच वेळ तिथंच राहिली.

"तू इथं काय करतेस?" घोगऱ्या आवाजात ते म्हणाले. "कामावर कोण आहे?"

शेकडो माणसांना धाकात ठेवणारी आत्या खाटेच्या कडेवर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली.

"हिला काय झालं रे?" बाबांनी मला विचारलं.