समोरच्या टाकीची हजामत

झाड कुठलं पण असू दे, माझ्या हाताला यश आहे. तुळस, मोगरा, कढीपत्ता आणि तो मनीप्लांट, जो म्हणे संडासाच्या खिडकीत पण वाढतो, तेवढे सोडले तर. बाकी कुठलं झाड मी अजून लावलेलं नाय.

अंधेरीत आमची एसआरएची बिल्डिंग. दारासमोर दार, मधे चपला काढण्यापुरता पॅसेज. समोरचा माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच कोकणातला, दिसायला माझ्यापेक्षा बरा. इथपर्यंत मी सहन केलं. मग त्याने माशांची टाकी आणली, आणि टाकीत खरी झाडं. पाण्याखाली वाढणारी. हिरवी, पोपटी, मधेच एक लालभडक. आरेच्या जंगलातून बस जाते ना, तसं वाटायचं बघताना, फक्त बसच्या जागी मासे.

आमची ही संध्याकाळचा चहा घेऊन तिकडे जायला लागली. टाकीसमोर बसायची त्याच्या बायकोबरोबर. "किती शांत वाटतं गं," हे मला आमच्या घरात ऐकू यायचं. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्याकडे बघून हिला शांत वाटल्याचं मी कधी ऐकलं नाय.

म्हणून मी पण टाकी आणली. निळे खडे, प्लास्टिकची झाडं, आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा एक पाणबुड्या. म्हटलं, आता चहा घरी.

ही कप हातात घेऊन जरा वेळ बघत उभी राहिली. "यात काय बघायचं? हा माणूस बुडतोय ते?"

आणि गेली समोर.

मग समोरचा जिन्यात घसरला आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण झाडं काय प्लास्टरला थांबत नाय. ती वाढत वाढत पाण्याच्या वर आली, आडवी पसरली, खाली माशांना दिवसाढवळ्या अंधार. शेवटी त्याने मला हाक मारली.

"जरा छाट रे बाबा. मी सांगतो तसं काप."

बाह्या वर करून मी कोपरापर्यंत हात आत घातला. त्याने लांब दांड्याची कात्री दिली. तो खुर्चीत बसून सांगतोय, आणि दोघी बायका मागे उभ्या, ऑपरेशन बघायला आल्यासारख्या.

"पानं जिथून फुटतात ना, त्या गाठीच्या वर काप. अर्ध्यावर. वरचे शेंडे फेकू नकोस, परत लावले की जगतात."

"भावोजी, किती माहिती आहे हो तुम्हाला!" ही म्हणाली.

बस. तिथे माझी कात्री घसरली. घसरली म्हणजे मी घसरवली. अर्ध्यावर सांगितलं होतं, मी बुडापर्यंत गेलो. हिरवं गेलं, पोपटी गेलं, लालभडक तर मी शोधून शोधून कापलं. हात बाहेर काढला तेव्हा आत वाळू आणि नुसते खुंट. मुंजीतल्या बटूसारखी टाकी. मासे एकमेकांकडे बघत होते, लपायचं कुठे म्हणून.

"अहो, हे काय केलंत!" ही ओरडली.

"पाण्यात अंदाज येत नाय," मी म्हटलं.

समोरच्याने उलट सगळे शेंडे बादलीत घालून मलाच दिले. "ने, तुझ्या टाकीत लाव." वर एक जाड पानांचं झाड दिलं, आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं खोड असलेलं. "हे मात्र वाळूत पुरू नकोस हां. दगडाला दोऱ्याने बांध."

मी मनात म्हटलं, चल, मला शिकवतो! गावाला आम्ही हळद लावतो, गड्डा मातीत जातो म्हणून तर येते. दगडाला बांधलेली हळद कोणी बघितलीय? माझं वाढू नये म्हणून हा मला फसवतोय. घरी येऊन मी ते खोड चांगलं खोल पुरलं आणि वरून दाबलं पण.

आठवडाभर माझी चैन. समोर बघण्यासारखं काय राहिलंच नव्हतं. ही आमच्या टाकीसमोर बसायला लागली, लाल शेंड्यांकडे बघत चहा प्यायची. मी मुद्दाम आतबाहेर करायचो. एकदा म्हणाली, "बरं दिसतंय हां." मी त्या दिवशी भांडी पण घासली.

मग पानं काचेसारखी आरपार दिसायला लागली. मग गळायला लागली. माझ्या टाकीला दिवा एवढुसा, तो पण निळा, दुकानदार म्हणाला शोभेचा आहे. आणि पुरलेलं ते खोड कुजलं, बोट लावलं तर पिठल्यासारखं. घरात असा वास, की खालच्या मजल्यावरची बाई विचारायला आली, बोंबील खराब झाले का म्हणून.

तेवढ्यात समोरून हाक. "अरे, इकडे ये, बघ काय केलंयस तू!"

म्हटलं, आता शिव्या खायच्या. गेलो. बघतो तर एकेका खुंटाला दोन-दोन फुटवे. आधी एक काडी होती तिथे झुडूप. लालभडक तर दुप्पट. वाळू दिसेना.

"माझी एवढं खाली कापायची कधी हिंमतच झाली नसती," तो म्हणाला आणि डाव्या हाताने माझी पाठ थोपटली. "आता दर वेळी तूच छाटायचं."

ही माझ्या मागून आली, त्याच्या बायकोच्या बाजूला जागा करून बसली. कपात चहा ओतून मी पण घेतला आणि छाती पुढे काढली.

"बघितलंस ना? माझ्या हातची छाटणी आहे ही."

तिने टाकीवरची नजर पण हलवली नाय.

"वाट लावायला गेला होतात, ती पण धड लावता आली नाय तुम्हाला."